पंखा लागेपर्यंत

चाफे गावाच्या तिठ्यावर तीन रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही रस्त्याने या, आधी भेटतो तो केरूदादा पाष्ट्याचा आवाज. गॅरेज नंतर दिसतं. जांभ्याचे चार खांब, वर पत्रे, पुढ्यात हौसावयनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, चहाची टपरी. टपरीच्या बाकड्यावर दोन प्रकारचे लोक बसलेले असतात. एक, ज्यांची गाडी दुरुस्तीला आलेली असते. दुसरे, ज्यांना गाडीच नसते, पण केरूदादाचं बोलणं ऐकायचं असतं. दुसऱ्या प्रकारचे जास्त. मी दोन्ही प्रकारांत मोडतो, कारण माझी गाडी बहुतेक वेळ नसल्यासारखीच असते.

केरूदादा माणूस आडवा. बॉनेटखाली वाकला की आधी त्याचं पोट इंजिनापर्यंत पोचतं आणि मग तो स्वतः. तरुणपणी मुंबईला गॅरेजात होता. त्याच्या दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात "मी मुंबैला व्हतो तवा" अशी होते, आणि ती सगळी वाक्यं खरी मानली तर त्या काळात मुंबईतल्या निम्म्या टॅक्सी त्याच्या हातावर आणि उरलेल्या त्याच्या सल्ल्यावर चालत होत्या.

पण त्याचं खरं नाव झालं ते गाऱ्हाण्यामुळे. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते तेव्हा देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं असतं. आवाजाच्या जोरावर ते काम केरूदादाकडे आलं आणि त्याने ते गॅरेजातही आणलं. काम पुरं झालं की गाडीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि तिठा दणाणून सोडायचा.

"हे देवी म्हाराजा! आज ह्या आमच्या गुर्जींची गाडी तुज्या पायाशी उभी केलीय!"

"होय म्हाराजा!" बाकडं ओरडतं.

"हिच्या तेलात, पाण्यात, ब्रेकात काय वाकडंनाकडं आसंल, ता दूर कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आन् गुर्जी दुसरा गेर टाकायला इसरतात नि पयल्यावरनं चवथ्यात उडी मारतात, त्यांना चांगली बुद्धी दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाकडं आणखी जोरात ओरडतं आणि गुरुजी खाली बघतात.

अशी प्रत्येक गाऱ्हाण्यात गिऱ्हाइकाची एक चूक देवीच्या कानावर घातली जायची. मी हँडब्रेक न सोडताच गाडी हाकतो, हे तर देवीला पाठ झालं असेल. केरूदादाची स्वतःची चूक मात्र आजवर एकाही गाऱ्हाण्यात आलेली नव्हती. "माज्या हातची गाडी परत येत नाय," असं तो म्हणायचा. आणि खरोखरच, येत नसे.

गेल्या शिमग्यात जयगडच्या सुलेमान होडेकरांची गाडी आली. सुलेमानभाई जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. आता निवृत्त; एका डोळ्याने कमी दिसतं, म्हणून गाडी त्यांची मुलगी इरम चालवते. ती रत्नागिरीत एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि रोज जाऊन-येऊन असते. बापानेच तिला सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर, गाडी शिकवली. तिच्या ड्रायव्हिंगबद्दल सुलेमानभाई बाकड्यावर बसून सांगायचे, "आमच्या जहाजावर असा हात असता, तर मी सगळी नोकरी डेकवर झोपून काढली असती."

गाडीचा पाण्याचा पंप गळत होता. केरूदादाने पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, कडक झालेले होजपाइप बदलले. आता उरलं हवा काढण्याचं काम. हे काम दिसायला अगदी बिनकामाचं. जुनं पाणी काढलं की इंजिनात हवा शिरते. नवं हिरवं कूलंटचं पाणी वरून ओतलं की भरल्यासारखं दिसतं. पण आतल्या वळणांत हवा दबा धरून बसलेली असते. ती काढायची तर गाडी चालू ठेवायची, हीटर पुरता वर करायचा, वरचा छोटा स्क्रू सैल करायचा, नरसाळ्यातून पाणी घालत राहायचं आणि बुडबुडे बघत बसायचं. कधीपर्यंत? रेडिएटरचा पंखा आपणहून लागेपर्यंत. इंजिन नीट तापलं, थर्मोस्टॅटची झडप उघडली, पाणी सगळीकडे फिरलं, की पंखा लागतो. त्याच्या आधी स्क्रू आवळायचा नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं? केरूदादानेच. माझं सामान्यज्ञान वाढवल्याशिवाय त्याला पाना धरता येत नाही.

तर नरसाळं लागलं होतं, गाडी चालू होती, बुडबुडे यायला नुकती सुरुवात झाली होती, आणि ढोल ऐकू आला. पालखी संध्याकाळी यायची होती. पण पालखी माणसांच्या घड्याळावर चालत नाही. ती भर दुपारीच तिठ्यावर आली. देवीपुढे इंजिन घरघरत ठेवायचं कसं? केरूदादाने गाडी बंद केली, हात फडक्याला पुसले न पुसले, आणि धावला. पालखी खांद्यावर आली आणि त्याचं वय पंचवीस वर्षांनी कमी झालं. काय नाचवली त्याने पालखी! पोट एकीकडे, पालखी दुसरीकडे, आणि दोन्ही तालात. गाऱ्हाणं घातलं ते दोन वाड्यांना ऐकू गेलं. गुलाल असा उडाला की हौसावयनीच्या दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला मलाच पळावं लागलं.

पालखी पुढे गेली. केरूदादा लालेलाल होऊन, धापा टाकत, खुशीत परतला. नरसाळ्यात पाणी होतं तेवढंच होतं. त्याने बघितलं, समाधानाने मान हलवली, स्क्रू आवळला, झाकण लावलं. संध्याकाळी इरम आणि सुलेमानभाई आले. नारळ ठेवला, गाऱ्हाणं झालं. "ह्या पोरीला इंडिकेटर लावून उलट्या बाजूला वळू देव नको म्हाराजा!" इरम हसली. सुलेमानभाईंनी नेहमीप्रमाणे शेवटी हळूच "आमीन" म्हटलं, आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. धोंडूच्या टेम्पोमागे, दोराने बांधून.

धोंडू टेम्पोवाला म्हणजे तिठ्याचं वर्तमानपत्र. त्याने गाडी सोडायच्या आधी बातमी सोडली, "केरूदादा, तुज्या हातची गाडी आली बग परत! जयगडच्या चढणीला भाताच्या टोपासारखी वाफ!"

बाकडं भरलेलं होतं. केरूदादा उठला. त्याने वाफाळणाऱ्या बॉनेटकडे बघितलंच नाही, बाकड्याकडे बघितलं. तिथे त्याचं नाव बसलेलं होतं.

"काय केलंस गो पोरी?"

"काही नाही केलं, काका. चढण चढत होते. तापमानाचा काटा मध्यावरच होता. वाफ दिसल्याबरोबर बाजूला घेऊन बंद केली."

"काटा मध्यावर आन् गाडी उकळली? मग काटा काय शिमग्याला गेलेला?"

बाकडं हसलं. केरूदादाला हसू मिळालं की तो थांबत नाही; हा त्याचा गुण आहे आणि त्या दिवशी तो अवगुण होता.

"मोबायलवर आसशील बोलत."

"नव्हते. आणि काका, एक सांगायचं होतं. सकाळी दवाने काच धुरकटली म्हणून हीटर लावला, तर गार हवा येत होती. म्हटलं तुम्हाला..."

"हीटर!" केरूदादाने दोन्ही हात वर केले. "ऐकलंत काय? शिमग्यात हीटर लावलान! आता मे महिन्यात शेकोटी पेटव गाडीत!"

तिठा फुटला. धोंडूने तर टेम्पोच्या दारावर थाप मारली. इरम काही बोलायला गेली, पण त्या हशात तिचं तोंड नुसतंच उघडलेलं दिसलं, आणि तिने ते मिटलं.

"बापानं चावी दिलान म्हंजे कोण ड्रायवर होत नाय," केरूदादा शेवटचं म्हणाला. "गाडी रडवलीस तू. इंजिन गेलं नसंल तर नशीब समज."

एवढ्यात रिक्षातून सुलेमानभाई उतरले. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. उभं आयुष्य समुद्रावर काढलेला, दोन काठांना आवाज पोचवणारा माणूस, पण केरूदादापुढे येऊन त्याने हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं, "केरूभाय, पोरीचं चुकलं. तुम्ही केलेलं काम आम्ही बिघडवलं. माफ करा."

इरमने केरूदादाकडे बघितलं नाही. बापाच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग पर्स उचलली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

यापुढचं मला हौसावयनीने सांगितलं, आणि केरूदादा समोर बसून ऐकत होता. त्याने एका शब्दाला हरकत घेतली नाही, म्हणून मी ते खरं मानतो.

दुपारी तिठा जेवायला गेला. केरूदादाने गाडी उघडली. इंजिनाचं हेड तपासलं, शाबूत. ते बघून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वाफ निघाल्यावर कुणी वळणभर जरी गाडी पुढे रेटली असती तरी हेड वाकलं असतं. ते वाचलं, याचा अर्थ पोरीने सांगितलं तसं जागच्या जागी बंद केलं होतं. मग ती गार हवा त्याच्या कानात घुमायला लागली. हीटरला इंजिनाचं गरम पाणी लागतं. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे पाणी तिथवर पोचतच नाही. वाटेत हवा आहे. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडाला तर काटा खरं सांगतो; सेन्सर हवेत लटकला तर काटा मध्यावर बसून राहतो. हे त्याला मुंबईला असल्यापासून माहीत होतं.

त्याने स्क्रू सोडायला पाना लावला. स्क्रूच्या खाचेत गुलाल होता. झाकणावर त्याच्याच अंगठ्याचा लाल ठसा होता.

तो तिथेच, पान्यासकट, टायरवर बसला. गुलालाच्या हाताने स्क्रू आवळला, म्हणजे पालखीनंतर आवळला. पालखीनंतर गाडी पुन्हा चालूच केली नव्हती. पंखा लागलाच नव्हता. गार इंजिनात थर्मोस्टॅट मिटलेला होता, म्हणून नरसाळ्यातलं पाणी हललं नव्हतं, आणि त्याने ते न हललेलं पाणी बघून खुशीत मान हलवली होती. शिमग्याला काटा गेला नव्हता. शिमग्याला केरू पाष्टे गेला होता.

आता सरळ माणूस काय करील? केरूदादा सरळ आहेच, पण थोडं वळण घेऊन. त्याने हवा काढली, यथासांग, पंखा दोनदा लागेपर्यंत. गुलाल पुसला. संध्याकाळी सुलेमानभाई गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाला, "झाली. कायपण देव नका." त्याला वाटलं होतं की एवढ्यावर मन हलकं होईल. झालं उलटंच. सुलेमानभाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आम्ही खराब केली आणि तुम्ही फुकट बनवून दिलीत. अल्ला तुमच्या हातात बरकत देवो." आणि गाडी स्वतः चालवत गेले, एक डोळा बारीक करून, रस्त्याच्या मधोमध. इरम आली नव्हती.

त्या दिवशी नारळ ठेवला नाही, गाऱ्हाणंही झालं नाही. बाकड्याने विचारलं, तर केरूदादा म्हणाला घसा बसलाय.

दुसऱ्या दिवशी जयगडहून सरंगा मासा आला. एक नाही, दोन, ताजे, केळीच्या पानात गुंडाळलेले, "केरूभायसाठी" म्हणून धोंडूच्या टेम्पोतून. हौसावयनीने झणझणीत कालवण केलं, तुकड्या तळल्या. केरूदादासमोर ताट ठेवलं. तो बघत बसला.

"काय झालं? काटा लागला?"

"खाल्लाच नाय तर लागंल कसा?"

"मग खावा."

"सरंगा बगतोय."

हौसावयनीने सरंग्याच्या डोक्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. केरू पाष्टे आणि तळलेला सरंगा एका ताटात असून हात लागत नाही, म्हणजे देवीचाच कोप. तिने कालवणाचा डावला खाली ठेवला. "काय केलात ता सांगा."

त्याने सांगितलं. गुलालापर्यंत आल्यावर त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला पुढे सरकावं लागलं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "त्या पोरीला हसलात तवा मी चहा गाळत व्हते. माला तवाच वाटला, ही खोटं बोलत नाय. खोटं बोलणारा मानूस ओरडतो. ती ओरडली नाय. तुमीच ओरडत व्हतात."

आणि ताट उचलून घेतलं. "ह्यो मासा आपल्या चुलीवर शिजायचा नव्हता. आधी सांगून या."

तो जयगडला गेला. धोंडूच्या टेम्पोतून गेला असता तर गावाला कळलं असतं, म्हणून एसटीने गेला. सुलेमानभाईंची गाडी अंगणात होती आणि उजवीकडचा आरसा नव्हता. आदल्या संध्याकाळी गल्लीच्या वळणावर माडाला लागून गेला, असं सुलेमानभाई म्हणाले, आणि एवढ्या वर्षांत जहाज कधी कशाला घासलं नव्हतं, असंही म्हणाले. चावी आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. पोरीला ते रागावले नव्हते. इरमनेच चावी मागितली नव्हती. ती त्या दिवशी पहाटेच्या एसटीनेच कामावर गेली होती.

केरूदादाने ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सुलेमानभाई ऐकत राहिले. आपण कुणापुढे, कशासाठी हात जोडले ते त्यांच्या लक्षात येत गेलं, तसतसे ते हात त्यांनी मांडीखाली घेतले. "होतं असं," एवढंच म्हणाले. "देवाचं काम आलं होतं मध्ये."

हे माफ करणं केरूदादाला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तो म्हणाला, "देवीवर ढकलू नका, भाय. देवीनं स्क्रू आवळायला सांगितलान नव्हता."

आत इरम उभी होती. ती आधीच्या एसटीने घरी आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यात आली.

"काका, मला इथे सांगितलंत. बरं झालं. पण हसले तिथे होते."

"व्हय गो. मानूस बोलून जातो कदी कदी..."

"जिथे बोललात तिथे बोला. अब्बांनी हात जोडले, ते सगळ्यांनी बघितलंय." आवाज चढलेला नव्हता. रक्ताचा अहवाल देताना असतो तसा साधा होता. "मी येईन उद्या सकाळी."

परतीच्या एसटीत केरूदादाने तिकीट "चाफे" असं मागितलं, तर कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं. ऐकू येईना.

सकाळी मी बाकड्यावर होतो. सुलेमानभाईंची गाडी आली, एका आरशाची. बापाने चालवत आणली आणि बाजूला लावली. इरम उतरली. धोंडू नेमका होताच. "परत उकळली काय?" असं म्हणाला आणि दोघे-तिघे हसायला लागले. केरूदादा गॅरेजातून बाहेर आला. अंगात धुतलेला सदरा होता; तो सदरा त्याने मुलीच्या लग्नानंतर घातलेला मी पाहिला नव्हता.

तो काहीतरी पुटपुटला.

"काय?" धोंडू म्हणाला.

तो पुन्हा पुटपुटला.

"मोठ्यानं बोल की रे मेल्या! ऐकू येत नाय!"

ज्याचा आवाज दोन वाड्यांना पुरून उरतो, त्याला तिठ्यावर मोठ्याने बोल म्हणून सांगावं लागलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. केरूदादा घामाघूम झाला. त्याने इरमकडे बघितलं, हौसावयनीकडे बघितलं. ती गाळणी हातात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर दयामाया नव्हती. मग त्याला जी एकच भाषा मोठ्याने येते, ती त्याने धरली. गाडीकडे तोंड केलं. हात जोडले.

"हे देवी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाकडं सवयीने ओरडलं.

"ह्या गाडीची हवा न काडता मी झाकण लावलाव म्हाराजा!"

"होय म्हारा..." बाकड्याचा निम्मा आवाज वाटेतच राहिला.

"पंखा लागेस्तवर थांबलो नाय. गाडी माज्यामुळं उकळली. ही पोर खरं सांगत व्हती, हीटर गार व्हता, काटा मध्यावर व्हता. हिनं जागच्या जागी बंद केलान म्हणून इंजिन वाचलं. आन् मी हिला, हिच्या बापाला, ह्या तिठ्यावर, तुमा सगळ्यांपुडं..." इथे त्याचा आवाज फाटला. "चूक माजी व्हती म्हाराजा!"

होय म्हणावं तर केरूदादाला चुकीचा ठरवणं, न म्हणावं तर देवीचं गाऱ्हाणं अर्धं. धोंडू हातातल्या कपाकडे बघायला लागला. दारावर थाप मारली होती तो हात त्याने खिशात घातला. मीही आदल्या खेपेला हसलो होतो की नाही ते आठवायला लागलो, आणि आठवल्यावर टपरीच्या पत्र्याकडे बघत बसलो.

"होय म्हाराजा," हौसावयनी चुलीपासून खणखणीत म्हणाली.

मग बाकडंही म्हणालं. सगळे, खालच्या आवाजात. सुलेमानभाईंच्या ओठांवर "आमीन" आलं होतं, पण त्यांनी मुलीकडे बघितलं आणि थांबले.

इरमने बापापुढे हात केला. सुलेमानभाईंनी खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. ती गाडीत बसली. गाडी चालू केली, काचा वर घेतल्या, हीटर लावला आणि झरोक्यापुढे तळहात धरून बसली. भर शिमग्याच्या उन्हात. आम्ही सगळे बाहेर उभे राहून तिच्या हाताकडे बघत होतो. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने तिने काच खाली केली. "गरम आहे," ती म्हणाली. केरूदादाला. बाकी काही नाही. बाप शेजारी बसला आणि गाडी रत्नागिरीच्या रस्त्याला लागली. वळताना इंडिकेटर वळायच्या बाजूलाच होता.

केरूदादाचं बोलणं त्यानंतर आठवडाभर टिपेला पोचलं नाही, मग पोचलं. असा माणूस गप्प राहून कुणाचं भलं होत नाही. पण "माज्या हातची गाडी परत येत नाय" हे वाक्य तिठ्यावर पुन्हा ऐकू आलेलं नाही, आणि गिऱ्हाइकांच्या चुका देवीला आता जरा दबकत सांगितल्या जातात.

मे महिन्यात मी माझी गाडी दुरुस्तीला दिली होती. गेलो तर नरसाळं लावलेलं, इंजिन चालू, आणि केरूदादा आत सीटवर. काचा बंद, हीटर पुरता वर, हात झरोक्यापुढे. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, चेहरा कालवणासारखा लाल. हौसावयनी चहाचा कप घेऊन काचेवर टकटक करत होती.

"बाहेर या वो! मराल आत उकडून! बाहेर उभं राहून नाय बगता येत?"

त्याने कपापुरती काच खाली केली, कप आत घेतला, आणि नजर त्या छोट्या स्क्रूच्या दिशेने ठेवूनच म्हणाला,

"पंखा लागू दे."